ताईच्या फिशटँकमधली रेती

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा पोट्टा भेवाची गोष्ट सांगाले बसला म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं काय आलं असंन ते मले माहीत हाये. पट्टे आले असतीन. झुडपातून दोन डोळे चमकले असतीन. एखाद्यानं तं सफारीची जिप्सीही उभी करून ठेवली असंन. नाई बाप्पा, उतरा खाली. या गोष्टीत वाघ नाई. वाघाचा आवाज मले काढता येते, लग्नात लोकं फर्माईश करतेत, पण तो आवाज काढताना मी कधी भ्यायलो नाई. मी जो भ्यायलो तो बोटभर मासा पाहून. अन् तो मासा मले काही करतही नव्हता. तो नुसता तोंड उघडझाप करून राह्यला होता.

मासा माह्या ताईचा. ताई एटापल्लीच्या पुढं, आत, आश्रमशाळेत मास्तरीण हाये. शाळेच्या मागं एका खोलीचं क्वार्टर, त्यात ती एकटी. पहिल्या वर्षी तिनं दोन गोल्डफिश आणले अन् काचेची टाकी आणली. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की त्या दोघांशी बोलत बसाची. मोठ्याचं नावही ठेवलं होतं. ते नाव मी सांगत नाई, ते आमच्या एका मामाचं हाये अन् मामा वाचते.

यंदा पावसाळ्यात तिकडं लाईन गेली ते आलीच नाई लवकर. मोटर बंद, टाकीतलं पाणी कोंडलं, अन् दोघातला एक मेला. उरलेल्याले ताईनं वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकलं, वर फडकं बांधलं अन् गंज मांडीवर घेऊन एसटीत बसली. टाकी पायाशी. कंडक्टरनं विचारलं, बाई भाजी सांडून तं नाई राह्यली ना. खड्डा आला की ती गंज हातावर उचलून धराची, म्हणजे दणका हाताले बसंल, माशाले बसणार नाई. बल्लारपूरले घरी आली तेव्हा साडी अर्धी ओली होती. टाकी तिनं पुढच्या खोलीत मांडली, गोटे टाकले, मासा सोडला अन् मले म्हणली, "हा एकच उरला. याले काही झालं तं मी परत मासा पाळणार नाई. अन् तुह्याशी बोलणार नाई."

तुह्याशी बोलणार नाई हे तिनं याआधी पुष्कळ खेपा म्हणलं हाये, ते मी तिच्याच आवाजात करून दाखवतो. पण पहिलं वाक्य म्हणताना तिचा आवाज मधीच हलला. आवाजाचं मले लवकर समजते. मी त्या दिवशी नक्कल केली नाई.

तेव्हापासून मासा माह्याकडं. रोज संध्याकाळी ताई शाळेच्या मागच्या टेकडावर चढाची, तिथीच रेंज येते, अन् व्हिडिओ कॉल लावाची. माह्याशी बोलाले नाई. मी फोन टाकीसमोर धराचा, ती माशाशी बोलाची, अन् मी मागून माशाच्या वतीनं उत्तरं द्याचो, बुडबुडे काढत. ती हासाची. असं सारं मस्त चालून राह्यलं होतं.

पोळ्याच्या सुट्टीत ताई घरी येणार होती. ज्या दिवशी येणार त्याच दिवशी सकाळी मी खाणं टाकाले गेलो तं मासा कोपऱ्यात उभा, तोंड वासून. आता गोल्डफिशची सवयच हाये, तळातले गोटे तोंडात घ्याचे, चघळाचे, थुकाचे. आमच्याकडं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, खाणारे लोकं असतेत ना, सेम तसं. पण याचा निळा गोटा थुकल्याच जाऊन नव्हता राह्यला. अडकला होता. डोळे आधीच बटबटीत, ते अजून बाहेर आल्यासारखे वाटून राह्यले होते.

मी हात ओला केला, त्याले धरलं, डोकं खाली करून जबड्याखाली बोटानं हळूच दाबलं. इतका गुळगुळीत, इतका लहान जीव अन् माह्या मुठीत त्याची धकधक मले लागून राह्यली होती. गोटा टपकन पडला. मासा पाण्यात सोडला, तो पोहाले लागला. पण मंग वाटलं, तो गोटा मी नसताना अडकला असता तं? रात्रभर अडकून राह्यला असता तं?

ताईले फोन नाई केला. वाटलं, आजच येऊन राह्यली, रस्त्यात कायले तिले ताप. फोन केला तो चंद्रपूरच्या मासेवाल्या भाऊले. त्याच्या तोंडात कायम खर्रा, म्हणून तो बोलते तेव्हा तो स्वतःच पाण्याखालून बोलून राह्यला असं वाटते. तो म्हणला, गोटे काढा, बारीक रेती टाका, गोल्डफिशले रेती बेस्ट, चघळन अन् सोडून देईन, अडकाचा सवालच नाई. रेती मातर चांगली धुवा. अन् थोडी थोडी बदला, एका दिवशी सारी नको.

हे शेवटचं मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण माह्या डोक्यात असं चालून राह्यलं होतं की संध्याकाळी ताई दारात येईन, पाहीन, गोट्याच्या जागी मऊ रेती, मासा मजेत, अन् म्हणंन, वा रे माहा भाऊ. थोडी थोडी बदलली तं वा रे कसं म्हणंन?

शेजारच्या चाचीच्या घरावर माळा चढून राह्यला, त्यांच्या दारात वर्धा नदीच्या रेतीचा ढीग. चाचीले विचारलं तं म्हणली, ले जा बेटा, पण परत आणू नको, मिस्त्री कटकट करते. मी घमेलंभर आणली अन् चाळणीनं चाळून आंगणात धुवाले बसलो. पहिलं पाणी निघालं काळं. कोळशाच्या गावातली नदी, तिची रेतीही काळंच पाणी सोडंन. दुसरं काळं, तिसरं काळं, मंग राखेसारखं, मंग मातीसारखं. आई बचत गटाच्या बैठकीले निघाली होती, ती जाता जाता पाहून म्हणली की एवढ्या मनानं कधी भांडे घासले असते तं माही कंबर वाचली असती. मी तिचंच वाक्य तिच्याच आवाजात तिले परत केलं. ती हासत गेली. घरात मी एकटा.

मासा काढून गंजात ठेवला, त्याच्याच टाकीच्या पाण्यात. टाकीतले गोटे उपसले तं खालून असा गाळ निघाला की नाकाले फडकं लावावं लागलं. सारं जुनं पाणी जास्वंदाच्या बुडाले ओतलं. टाकी घासली. रेती टाकली. मागच्या ड्रममधलं पाणी बादलीनं धबधब ओतलं.

टाकीचा चहा झाला. कडक, दुधाचा.

म्हणलं बसंल गाळ खाली. गंजात मासा उड्या मारून राह्यला होता, झाकण नव्हतं, बाहेर पडला तं काय करता, म्हणून मी त्याले त्या चहातच सोडून देल्लं अन् फिल्टरची मोटर चालू केली. मोटरनं जरा वेळ पाणी ओढलं, मंग पाण्यासंग रेती ओढली. आधी कुरकुर झाली, मंग खर्रर्र, मंग काहीच नाई. मी मोटर हलवली, झटकली, तिच्यात फुंकलं. ती गेली ते गेलीच.

आता टाकीत बुडबुडे नाई अन् मासा दिसत नाई. मी काचेले डोळा लावला. नुसतं भुरकट. काचेवर टिचकी मारली. काही नाई.

अन् फोन वाजला. ताई. व्हिडिओ.

मी व्हिडिओ बंद ठेवून नुसता आवाज उचलला अन् कंपनीवाल्या बाईच्या आवाजात चालू झालो, आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं. हा आवाज माहा एकदम पक्का हाये, भले भले फसतेत. ताई म्हणली, "नाटकं बंद कर. मी आलापल्लीहून गाडीत बसली. मासा दाखव."

मी म्हणलं, लाईन गेली ताई, अंधार हाये.

"दुपारी अंधार?"

तेवढ्यात तिची गाडी जंगलात शिरली असंन, फोन कटला. जंगलाचे एवढे उपकार मी आयुष्यात कधी मानले नव्हते. पण गाडी आता माह्याकडंच येऊन राह्यली होती, अन् मले मासा दिसत नव्हता.

आता तुम्ही बाहेरगावचे असान तं सांगून ठेवतो. पावसाळ्यात आमच्याकडं नळाले गढूळ पाणी येते. घरोघरी तुरटीचा खडा असते. घागर भरली की हातात खडा धरून पाण्यात दोन फेरे मारले की झालं, थोड्या वेळानं गाळ बुडाशी, पाणी वरती नितळ. हे आम्हाले कोणी शिकवत नाई, आपोआपच येते. गढूळ पाणी दिसलं की हात तुरटीकडं जाते. माहा गेला.

अन् खडाही लहान नाई घेतला. आईनं नवीन आणलेला, मुठीत न मावणारा, तो घेतला. कोपरापर्यंत हात घालून मी टाकीत तो गरगर फिरवला. दोन फेरे नाई. हात दुखेपर्यंत.

अन् काय सांगू, जादू झाली. भुरकटपणा कापसासारखा गोळा होऊन खाली बसाले लागला. पाणी उघडलं. आधी मागची भिंत दिसली, मंग रेती दिसली, मंग मासा दिसला, लाल, सोनेरी, जिता. मी तिथंच मांडी ठोकली. काचेसारख्या पाण्याचा फोटो काढला अन् ताईले पाठवून देल्ला. खाली लिहिलं, सरप्राईज.

फोटो गेल्यावर मी परत टाकीत पाह्यलं. मासा वर आला होता. पाण्याच्या अगदी वरच्या थराले तोंड लावून उघडझाप, उघडझाप. म्हणलं भूक लागली असंन. दाणे टाकले. दाणे त्याच्या नाकाशी तरंगत राह्यले, त्यानं घेतले नाई. कल्ले असे फडफडून राह्यले होते जसं कोणी धावत आलं हाये. अंगावरून पांढरी चिकट जाळी सुटल्यासारखी दिसली. मंग तो जरा वाकडा झाला. सरळ झाला. परत वाकडा झाला.

खोटं नाई सांगत, मी टाकीसमोर उभा अन् मले काय कराचं तेच सुचेना. हात घालू का नको घालू. मोटर पाह्यली, मेलेली. मासेवाल्या भाऊले फोन लावला, उचलला नाई. परत लावला, उचलला नाई. अन् ताईचा मेसेज येऊन पडला, म्हणजे गाडी आष्टीले आली असंन, तिथी रेंज येते. लिहिलं होतं, पाणी एवढं साफ कसं काय, अन् तो वर काऊन आला.

एका फोटोत तिनं ओळखलं. मी फोन उलटा करून ठेवला, जसं काही उलटा केल्यानं ती गाडीतून पाहू शकणार नाई.

आई आली. दारातूनच काही बोलत आली होती, टाकीकडं पाह्यलं अन् सरळ टाकीपाशी आली. तिनं विचारलं काय टाकलं. मी ओला खडा दाखवला. अर्धा झिजला होता. तिनं तो माह्या हातातून घेतला, उलटापालटा पाह्यला अन् खाली ठेवला. शिवी देल्ली असती तं बरं वाटलं असतं. ती म्हणली, "काढ त्याले आधी."

मी गंज घेतला अन् ड्रमकडं धावलो. मागून आई म्हणली, "ड्रममधी बी तुरटी हाये. सकाळीच फिरवली मी."

घागरीत? घागरीत बी. माठात? माठात बी. साऱ्या घरात पाणीच पाणी अन् माशासाठी एक तांब्या नाई. नळ सकाळी येऊन गेला होता, अन् आला असता तरी त्याले ब्लिचिंगचा वास. उरलं गल्लीच्या टोकाचं बोरिंग, हातपंपाचं. मी बकेट घेऊन सुटलो.

उद्या पोळा. बोरिंगवर एक काकाजी बैल धुवून राह्यले होते, निवांत, शिंगं घासून राह्यले होते. मी म्हणलं काकाजी, बाजूले व्हा, मासा मरून राह्यला. ते म्हणले, "मासा पाण्यात, अन् पाण्यासाठी तू पळून राह्यला का बे?" एरवी मी या वाक्यावर आठवडाभर धंदा केला असता. त्या दिवशी मी नुसती बकेट पुढं केली. त्यांनी माहं तोंड पाह्यलं असंन, कारण पुढं काही न विचारता बैलाचा कासरा खांद्यावर टाकून स्वतःच दांडा मारला अन् बकेट भरून देल्ली.

घरी आलो तं मासा आडवा होता. पुरा आडवा, एक डोळा वर छताकडं. आई टाकीपाशी बसून होती. मले पाहून म्हणली, हलते अजून. मी त्याले ओंजळीत घेतलं. सकाळी धकधक लागली होती, आता ती शोधावी लागली. गंजात थोडं टाकीचं पाणी, त्यात मासा, अन् वरून मग्ग्यानं बोरिंगचं पाणी, थोडं थोडं. आई म्हणली ओत ना सारं. मी म्हणलं नाई आई, आता एकदम काहीच नाई.

ताईचा फोन आला. या खेपेले मी माह्याच आवाजात उचलला अन् सारं सांगतलं, गोट्यापासून तुरटीपर्यंत. पलीकडून गाडीचा खडखडाट. मंग ती म्हणली, "मग्गा उंच धर. वरून पाणी पाड, हवा मिसळू दे. थांबू नको." मी विचारलं तू कुठी हाय. ती म्हणली गोंडपिपरी, अन् तिचा आवाज हलला, त्या दिवशीसारखा. मंग रेंज गेली.

गोंडपिपरीहून बल्लारपूर काही लय दूर नाई. पण मग्गा भरा, उंच धरा, पाडा, परत भरा, असं करत बसलं की तो रस्ता संपत नाई. पाणी पडलं की मासा लाटेनं हलाचा, अन् तो स्वतः हलला का पाण्यानं हलवला हे समजाचं नाई. म्हणून मी मधी मधी थांबून पाहाचो, अन् थांबलो की ताईचं थांबू नको आठवाचं अन् परत भराचो. दंड भरून आले. स्वतःले धीर द्यासाठी म्हणलं एखादा आवाज काढू, काकाजीचा, मासेवाल्याचा, कोणाचाही. एकही माणूस निघेना.

आई बाजूले बसून होती. ती हळूच म्हणली, तिकडं पावसात पोरं घरी गेले की शाळा रिकामी होते म्हणे, चार चार दिवस तिले बोलाले कोणी नसते. मी मग्गा उंच धरला.

कधी तरी शेपटी हलली. पाण्यानं नाई, मी तेव्हा मग्गा भरून राह्यलो होतो, पाणी स्थिर होतं. मंग तो अर्धा उठला. मंग परत कलला. मी आईकडं पाह्यलं, आईनं मान हलवली, म्हणजे तिनंही पाह्यलं होतं. मले रडू आलं नाई, खोटं कायले सांगू, पण नाक वाहाले लागलं अन् दोन्ही हात गुंतलेले, तं आईनं पदरानं पुसून देल्लं. एवढ्या मोठ्या पोराचं.

ताई आली ते चपलेसकट आत. पिशवी दारातच टाकली, माह्याकडं पाह्यलंही नाई, गंजापाशी बसली, माह्या हातातला मग्गा घेतला अन् स्वतः पाडाले लागली. मी उभा. ती पाडत राह्यली. बाहेर अंधारून आलं, आईनं लाईट लावला. त्या उजेडात मासा गंजाच्या बुडाशी गेला, सरळ, पोट खाली, पाठ वर. कल्ले अजून जोरात चालून राह्यले होते, पण सरळ होता. ताईनं मग्गा खाली ठेवला. मंग माह्याकडं फिरली.

"दगड अडकला तेव्हा मले काऊन नाई सांगतलं?"

मी म्हणलं, तुले ताप नको म्हणून.

"ताप नको म्हणून? मी आष्टीपासून इथपर्यंत खिडकीचा गज धरून आली, लेका. माह्या बाजूची बाई मले पाणी पाजून राह्यली होती, तिले वाटलं माह्या घरी माणूस गेलं. मी तिले काय सांगू, मासा हाये? मासेवाल्यानं थोडी थोडी म्हणलं होतं ना? मंग? ऐकू आलं नाई का?"

आलं होतं, मी म्हणलं.

"ऐकू आलं होतं अन् तरी सारी टाकली. मले दाखवाले. मी मागतली होती का रेती तुले? मी एवढंच म्हणली होती की याले जिता ठेव." आईनं मधी तोंड घालून म्हणलं की जाऊ दे, पोरानं दुपारपासून पाण्याचा घोट नाई घेतला. तं ताई तिच्यावरही फिरली. "तू काही बोलू नको आई, तुह्याच लाडानं हा असा झाला. अन् तू काय उभा हाय असा? टाकीतलं सारं पाणी फेक, रेती परत धू, बोरिंगचं पाणी आण, अन् उद्या पोळा असो का काही असो, सकाळी मोटर घेऊन चंद्रपूरले जाशीन. रात्री इथंच बसाचं, त्याच्यापाशी. डोळा लागला तं पाहा."

मी टाकी उचलाले वाकलो.

"अन् आधी हात धू, बह्याडा. साबण लावून. तुरटीचेच हात घेऊन फिरून राह्यला साऱ्या घरात."